सदऱ्याची शिवण: एका दाट निगेटिव्हच्या स्कॅनिंगचा प्रकरण अभ्यास

बाबांनी फार वर्षांपूर्वी काढलेल्या एका फोटोचं हे प्रकरण आहे. सुतारकामाची खोली, डावीकडे खिडकी, खिडकीतून थेट आत येणारं ऊन आणि त्या उन्हात वाकून रंधा मारणारा एक सुतार. अंगात पांढरा सदरा. मागच्या भिंतीवर सावलीत टांगलेल्या करवती. ३५ मिमीची, ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म. ती बाबांनी स्वतः धुतली आणि प्रिंटही स्वतःच एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणारं यंत्र) काढली. त्या आठ बाय दहाच्या प्रिंटमध्ये सदऱ्याच्या खांद्यावरची शिवण दिसते, कोपराजवळच्या चुण्या दिसतात, रंध्यातून निघालेली कुरळी सालपटं एकावर एक पडलेली दिसतात आणि अंधाऱ्या भिंतीवरच्या करवतींचे दात मोजता येतात.

मी तीच निगेटिव्ह फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन केली. सॉफ्टवेअरमध्ये ‘कृष्णधवल निगेटिव्ह’ निवडलं, बाकी सगळं ऑटोवर सोडलं. पडद्यावर चित्र आलं तेव्हा पहिल्या नजरेला छानच वाटलं, कॉन्ट्रास्ट कडक होता. बाबांनी मागून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, हा सदरा आहे की चुना लावलेली भिंत? शिवण कुठे गेली?”

प्रिंट शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक ढळढळीत दिसला. सदरा म्हणजे एक सपाट पांढरा ठिपका झाला होता. उन्हातली सालपटं एकमेकांत मिसळली होती. करवतींच्या जागी काळा पट्टा होता आणि त्यात दोन-तीन चकाकत्या कडा. मधले करडे टोन मात्र शाबूत होते. म्हणजे दोन्ही टोकं छाटली गेली होती.

निगेटिव्हमध्ये माल आहे का?

स्कॅनरला दोष देण्याआधी निगेटिव्ह तपासायला हवी, हे बाबांनी लहानपणापासून शिकवलेलं. लाइट बॉक्सवर ठेवून आठपट भिंगातून पाहिलं. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे, त्यामुळे सदरा हा सर्वात दाट, जवळजवळ काळा भाग. साध्या लाइट बॉक्सवर त्यात काहीच दिसेना. निगेटिव्ह तशीच उचलून जोरदार दिव्यासमोर धरली, तेव्हा त्या काळ्यात एक बारीक फिकट रेघ उमटली. शिवण होती.

अंधाऱ्या टोकाला उलटं. करवतींचा भाग निगेटिव्हमध्ये अगदी पातळ होता, तरी त्यात आकार होते. बाकाखालची जागा मात्र दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या पट्टीइतकीच स्वच्छ होती. तिथे फिल्मवर काही नोंदलंच गेलेलं नाही. प्रिंटमध्येही तो भाग निखळ काळा आहे. तेव्हा बाकाखालून काही निघणार नाही हे मी तिथेच मान्य केलं. सदरा आणि करवती यांच्याबाबत मात्र तडजोड नाही असं ठरवलं.

नुसत्या डोळ्यांवर विसंबून पुढे जाता येत नव्हतं, मोजमाप हवं होतं. माझ्याकडे डेन्सिटोमीटर, म्हणजे फिल्मची घनता (काळेपणा) मोजणारं यंत्र नाही, पण स्टाउफरची २१ पायऱ्यांची स्टेप वेज आहे. फिल्मच्या या पट्टीवर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा ०.१५ ने दाट असते. घनता लॉगॅरिदममध्ये मोजतात. ०.३० ने घनता वाढली की पलीकडे जाणारा प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप. दोन पायऱ्या म्हणजे एक स्टॉप, असं सोपं गणित. ही पट्टी निगेटिव्हशेजारी ठेवून दोन्ही एकाच फेरीत स्कॅन केली आणि निगेटिव्हचा कुठला भाग कुठल्या पायरीशी जुळतो ते पाहिलं.

कोरी फिल्म, म्हणजे बेस (फिल्मचा पारदर्शक पाया) आणि फॉग (धुताना सगळीकडे येणारा हलका काळेपणा) मिळून, सुमारे ०.३०. करवती त्याहून ०.१० ते ०.२० ने वर. सदऱ्याचा सर्वात उजळ भाग बेसच्या वर १.५५, एकूण १.८५. दोन नंबरच्या, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टच्या कागदावर सहज उतरणाऱ्या निगेटिव्हची व्याप्ती, म्हणजे पातळ आणि दाट टोकांतला घनतेचा फरक, साधारण १.०५च्या आसपास असते. ही निगेटिव्ह त्याहून बरीच ताठ, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टची होती. बाबांना विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) गरम होता आणि वेळ कमी करायचं राहून गेलं. दृश्यात ऊन आणि सावली यांत आठेक स्टॉपचं अंतर असणार. ते फिल्मने पाच स्टॉपमध्ये आवळून ठेवलं होतं.

चुकीच्या वाटेवरचे चार दिवस

१.८५ हा आकडा पाहून मला वाटलं, स्कॅनरची ताकद कमी पडतेय. म्हणून आधी तीच वाट धरली. एकाच ओळीचं आठ-आठ वेळा वाचन करून सरासरी घेतली. दोन वेगवेगळ्या एक्सपोजरचे स्कॅन एकत्र करून पाहिले. सरासरीने दाट भागातला नॉइज (यंत्राची खरखर) कमी झाला, पण शिवण काही आली नाही. दोन एक्सपोजरच्या पद्धतीत तर दोन फेऱ्या एकमेकांवर अचूक बसल्या नाहीत आणि सगळ्या कडा किंचित दुहेरी झाल्या.

थांबून विचार केला असता तर हे चार दिवस वाचले असते. स्कॅनर किती दाट भाग वाचू शकतो, त्या कमाल घनतेचे जाहिरातीतले आकडे फ्लॅटबेडच्या बाबतीत फार आशावादी असतात हे खरं. माझ्या यंत्रावर ४.० लिहिलंय आणि स्टेप वेजवर मला २.४ च्या पुढच्या पायऱ्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. पण इथे लागत होतं १.८५. ३.० च्या पुढे जाणाऱ्या स्लाइड फिल्मसाठी हे यंत्र अपुरं पडेल, कृष्णधवल निगेटिव्हसाठी नाही. बरेच जण, मीही, या आकड्याच्या मागे नाहक लागतात. मध्यम प्रतीच्या स्कॅनरला निगेटिव्हची घनता झेपते. टोन हरवतात ते नंतरच्या टप्प्यांत.

छाटणी नेमकी कुठे होते

ऑटोचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या टोनचे किती पिक्सेल आहेत ते टेकडीसारखं दाखवणारा आलेख, उघडला आणि पहिलं उत्तर मिळालं. दोन्ही टोकांचे त्रिकोणी खुणांचे मार्कर टेकडीच्या आत घुसलेले होते. सॉफ्टवेअर चित्राच्या दोन्ही टोकांचे थोडे पिक्सेल ‘किरकोळ’ समजून कापून टाकतं आणि उरलेलं ताणून शून्य ते २५५ मध्ये बसवतं. उन्हातला सदरा या फ्रेममध्ये क्षेत्रफळाने अगदी लहान आहे. त्याचा सर्वात उजळ भाग त्या किरकोळ टक्क्यात बसला आणि गेला. चित्राचा जीव ज्या जागेत आहे ती जागा लहान असली की ऑटो हमखास असं करतं, कारण ते फक्त पिक्सेल मोजतं.

दोन्ही मार्कर ओढून टेकडीच्या बाहेर नेले, थोडी मोकळी जागा सोडली आणि पुन्हा स्कॅन केला. चित्र आता मळकट, करडं, निर्जीव दिसत होतं. पण त्यात काहीही कापलेलं नव्हतं. स्कॅन म्हणून हाच चांगला. पडद्यावर लगेच खुलून दिसणारा स्कॅन हा बहुतेक वेळा आधीच कुणीतरी छाटलेला असतो.

तरी शिवण अजून नीट नव्हती. सदऱ्यात हलका करडा रंग आला, चुण्यांची चाहूल लागली, पण कर्व्ह (टोन उजळ-गडद करण्याची रेघ) ताणला की टोनच्या जागी पट्टे पडायचे. इथे मूळ दुखणं सापडलं आणि त्यावर मी जास्त वेळ देणार आहे, कारण ते फारसं कुणी सांगत नाही.

सेन्सर प्रकाश सरळ मोजतो: दुप्पट प्रकाश, दुप्पट आकडा. घनता तशी चालत नाही. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफिल्ड या संशोधकांनी फोटोग्राफिक प्लेटवरच्या काळेपणाचं एक्सपोजरशी असलेलं नातं मांडलं ते लॉगॅरिदमच्या भाषेत. एन्लार्जरखालचा कागदही त्याच भाषेत वागतो. आता या दोन भाषांचा मेळ न घालता निगेटिव्ह नुसती उलटवली, म्हणजे २५५ मधून आकडा वजा केला, तर काय होतं ते पाहा. आठ बिटांच्या (० ते २५५ आकड्यांच्या) सरळ फाइलमध्ये कोरी फिल्म २५५ वर धरली, तर एक स्टॉप दाट भाग १२८ वर येतो, पुढचा ६४, मग ३२, १६, ८. म्हणजे निगेटिव्हच्या पाच स्टॉपपैकी पहिल्याला, सावलीतल्या करवतींना, १२७ पायऱ्या मिळतात आणि शेवटच्याला, सदऱ्याला, फक्त ८. आठ पायऱ्यांत शिवण, चुण्या, कापडाचा पोत बसवायचा. तो बसणारच नाही.

नेहमीच्या २.२ गॅमाने, म्हणजे गडद टोनना जास्त आकडे देणाऱ्या रीतीने, फाइल लिहिली की परिस्थिती सुधारते, पण पुरेशी नाही. तेव्हा त्याच पाच स्टॉपच्या वाट्याला अनुक्रमे सुमारे ६९, ५०, ३७, २७ आणि २० पायऱ्या येतात. सदरा अजूनही सर्वात गरीब. म्हणून नुसत्या उलटवलेल्या स्कॅनमध्ये हायलाइट्स (सर्वात उजळ भाग) नेहमी एकमेकांना चिकटलेले, पिठाळ दिसतात आणि सावल्या गरजेपेक्षा जास्त उघडलेल्या. त्या पिठाळपणाला लोक फिल्मचा दोष समजतात. तो उलटवण्याच्या रीतीचा दोष आहे.

उपाय दोन टप्प्यांचा. आधी फाइल १६ बिटांची घ्यायची. त्यात शून्य ते ६५,५३५ आकडे असतात आणि सरळ फाइलमध्येही शेवटच्या स्टॉपला सुमारे २,००० पायऱ्या मिळतात. मग ताणायला भरपूर कापड हातात असतं. दुसरं, उलटवणं सॉफ्टवेअरवर न सोडता स्वतः करायचं.

शेवटी जसं केलं

निगेटिव्ह आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचंच नाही, असं ठरवलं. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे स्लाइड निवडली, १६ बिट, गॅमा १.०, शार्पनिंग बंद, धूळ काढण्याची सोय बंद. त्या शेवटच्या सोयीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्मची रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, म्हणून फक्त धूळ आणि ओरखडे वेगळे दिसतात. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमाच चांदीची असते आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. यंत्र मग चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं. एका प्रयत्नात ही सोय चालू राहिली होती, तेव्हा सालपटांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. इल्फर्ड एक्सपी२ सारखी सी-४१ या रंगीत फिल्मच्या रसायनांत धुतली जाणारी फिल्म याला अपवाद, कारण तिच्यात शेवटी रंगद्रव्यच उरतं.

एक्सपोजर ठरवलं ते कोऱ्या फिल्मवरून. दोन फ्रेममधली पट्टी छतापर्यंत जाईल पण छताला लागणार नाही, साधारण ९० टक्क्यांवर. सर्वात पातळ भाग तिथे असला की दाट भागाला मिळेल तेवढा प्रकाश मिळतो. इथे एक तपासून घ्यायला हवं: काही यंत्रांत एक्सपोजर वाढवलं की सेन्सरचा वेळ खरोखर वाढतो, काहींत सॉफ्टवेअर नुसता गुणाकार करतं. दाट पायरीवरचा नॉइज पाहिला की कळतं. गुणाकार असेल तर नॉइजही तितकाच मोठा होतो आणि काही कमावलेलं नसतं.

मग काळा कागद. ही एवढीशी गोष्ट इतकी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. होल्डरमध्ये फ्रेमच्या बाजूला छिद्रं असतात, पट्टीच्या टोकाला उघडी काच असते. तिथून येणारा पूर्ण प्रकाश काचेत आणि लेन्समध्ये विखुरतो आणि नेमका सर्वात दाट, म्हणजे सर्वात कमी प्रकाशाच्या भागावर जाऊन सांडतो. सदऱ्याचा कॉन्ट्रास्ट तिथे मरतो. फ्रेमएवढी खिडकी कापलेला काळा कागद लावला, बाकी सगळं झाकलं. स्टेप वेजवरच्या २.० च्या पायरीचं वाचन त्याआधी १.८ च्या आसपास येत होतं, झाकल्यावर १.९ च्या पुढे गेलं. फक्त होल्डरच्या वरच्या बाजूची कॅलिब्रेशनची खिडकी झाकायची नाही, नाहीतर चित्रभर उभ्या रेघा येतात.

रंगीत सेन्सरच्या तीन चॅनेलपैकी हिरवा सर्वात स्वच्छ निघाला, निळ्यात नॉइज जास्त होता. म्हणून हिरवाच ठेवला. पायरो डेव्हलपरने धुतलेली निगेटिव्ह असती तर निळा वगळण्याआधी विचार केला असता, कारण तिच्यावरचा पिवळसर डाग निळ्या प्रकाशात जास्त दाट दिसतो.

आता उलटवणं. कोऱ्या पट्टीच्या सरासरी आकड्याला प्रत्येक पिक्सेलच्या आकड्याने भागलं आणि त्याचा लॉगॅरिदम घेतला. आला तो आकडा म्हणजे बेसच्या वरची घनता. ० ते १.६ ही घनता शून्य ते २५५ मध्ये पसरली. आता प्रत्येक स्टॉपला सारख्या, सुमारे ४८ पायऱ्या. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगॅरिदम घेता येत नाही त्यांनी १६ बिटांची फाइल उलटवून वरच्या टोकाला खूप चढा आणि खालच्या टोकाला आडवा कर्व्ह दिला तरी जवळपास तिथेच पोचता येतं.

शिवण दिसली. चुण्या दिसल्या. पण सदरा अजून प्रिंटमधल्याइतका भरीव नव्हता.

बाबांचे सेकंद

प्रिंट उलटी केली. मागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: “ग्रेड १. १६ से. सदरा + १०.”

म्हणजे ती प्रिंटही सरळ आलेली नव्हती! ग्रेड १ चा मऊ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टचा कागद घेऊन, पूर्ण चित्राला १६ सेकंद देऊन, बाकीचा भाग हाताने झाकून सदऱ्याला आणखी १० सेकंद जाळलेला होता. मी इतके दिवस सरळ स्कॅनची तुलना हाताने घडवलेल्या प्रिंटशी करत होते. बाबांना हे आठवतही नव्हतं. “तेव्हा सगळ्यालाच थोडं जाळावं लागायचं,” एवढंच म्हणाले.

मग लक्षात आलं की माझी फाइल आता घनतेच्या भाषेत आहे, त्यामुळे बाबांचे सेकंद तिच्यावर जसेच्या तसे लावता येतील. १६ च्या जागी २६ सेकंद म्हणजे १.६२५ पट. त्याचा लॉगॅरिदम ०.२१. सदऱ्याच्या भागाच्या घनतेतून ०.२१ वजा करायची, म्हणजे माझ्या २५५ च्या पट्टीवर सुमारे ३३. मऊ कडांचा मास्क करून सदरा ३३ ने खाली आणला. अंदाजाने स्लायडर ओढण्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खांद्याची शिवण जशी प्रिंटमध्ये आहे तशी आली.

कागदाच्या स्वभावासाठी वर एक सौम्य एस आकाराचा कर्व्ह दिला: मधले टोन थोडे ताठ, दोन्ही टोकं हळूच वाकलेली. कागद हे आपोआप करतो, फाइलमध्ये ते मुद्दाम करावं लागतं.

त्याच सुमारास एका स्नेह्याकडच्या एलईडी दिव्याच्या फिल्म स्कॅनरवर हीच फ्रेम काढून पाहिली. शार्पनेस निर्विवाद सरस. पण सदरा तिथे आणखी दाट आला, ग्रेन खरखरीत झालं आणि माझ्या फ्लॅटबेडवर न दिसणारे बारीक ओरखडेही उठून दिसले. एका दिशेने सरळ येणारा प्रकाश चांदीच्या कणांवर विखुरतो आणि दाट भागातून प्रमाणाबाहेर कमी पोचतो. कॅलिए यांनी १९०९ मध्ये नोंदवलेला हा परिणाम कंडेन्सर एन्लार्जर (असाच सरळ प्रकाश टाकणारा) वापरणाऱ्यांना परिचित असेल. ताठ निगेटिव्हला पसरलेल्या प्रकाशाचा फ्लॅटबेड मानवतो. सौम्य, पातळ निगेटिव्ह असती तर मी तो फिल्म स्कॅनरच निवडला असता.

बाबांना दाखवलं. बराच वेळ पाहत राहिले. सदऱ्यावर काही बोलले नाहीत, बोट ठेवलं ते करवतींवर. “हे काय, भिंतीवर दिवा लावलास का? ती खोली अंधारी होती.”

खरं होतं. सावलीत इतकं काही सापडलं म्हणून मी सगळंच दाखवत बसले होते. दात मोजता येत होते, पण अंधार गेला होता. अंधार गेल्यावर खिडकीतलं ऊनही फिकं पडलं होतं. कर्व्हचं खालचं टोक ओढून बसवलं, करवती पुन्हा काळोखात गेल्या, फक्त कडा आणि दातांची ओळ राहिली. त्या एका बदलाने ऊन तापलं.

सरळ १६ बिटांची मूळ फाइल, काहीही न बदलता, वेगळी ठेवली आहे. घनतेची फाइल तिच्याशेजारी, आणि बाबांच्या पेन्सिलीच्या ओळीचा फोटोही. कोऱ्या फिल्मचं वाचन आणि एक्सपोजर लॉक करून त्याच रोलच्या उरलेल्या फ्रेम स्कॅन केल्या. बहुतेकांना फक्त कर्व्ह पुरला. खिडकीबाहेर बसलेल्या मांजरीची फ्रेम तेवढी राहिली आहे. तिच्यात आभाळ सदऱ्याहूनही दाट आहे, आणि त्या फ्रेमची प्रिंट बाबांनी कधी काढलीच नाही, त्यामुळे मागे सेकंद लिहिलेले नाहीत. ती येत्या रविवारी दोघं मिळून करणार आहोत.